अंपायर, एप्रन, ऑरेंज... यांचा पहिला 'न' गेला कुठे?

जुईची_वेल

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतीच वाचते आहे, आज पहिल्यांदा विचारतेय. आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की ऑरेंज हा शब्द आपल्या नारिंगवरून गेला, आणि इंग्रज लोकांनी 'अ नॉरेंज' हे 'ॲन ऑरेंज' असं ऐकलं म्हणून सुरुवातीचा न उडाला. त्याच्याच खाली, अंपायर आधी नंपायर होता, एप्रन आधी नेप्रन होता, असं बरंच काही. आणि शेवटची ओळ अशी की इंग्रजी अख्खी संस्कृतातूनच निघालीय.

मी आठवी-नववीच्या मुलांना घरी इंग्रजी शिकवते. मुलांना असल्या गोष्टी जाम आवडतात, स्पेलिंग पाठ करून घेण्यापेक्षा एका शब्दाची गोष्ट सांगितली की तो शब्द डोक्यात बसतो हा माझा अनुभव आहे, पण सांगायचं ते खरं असलं पाहिजे ना. तर यातलं खरं किती? आणि एक अक्षर असं एका शब्दातून निघून शेजारच्या शब्दाला चिकटतं तरी कसं, लिहिलेलं समोर दिसत असतं की.

---

पाटी_पेन्सिल

जुईताई, प्रश्न छान आहे, जरा सविस्तर लिहितो.

अंपायर आणि एप्रन दोन्ही खरे आहेत. ऑरेंजचं अर्धं खरं अर्धं नाही, त्यावर नंतर येतो. संस्कृतवाली शेवटची ओळ मुलांना सांगू नका.

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, "लिहिलेलं समोर दिसत असतं". तेव्हा ते दिसत नव्हतं. इंग्लंडात छापखाना आला १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला टाकला तो. त्याच्या आधी शे-दोनशे वर्षं जी माणसं हे शब्द बोलत होती त्यातल्या बहुतेकांनी ते कधी लिहिलेले पाहिलेच नव्हते, शब्द फक्त कानाने ओळखीचा. आणि बोलताना आपण दोन शब्दांच्या मध्ये थांबत नाही, सगळं सलग येतं, कुठे तोडायचं ते ऐकणारा ठरवतो.

आता 'अ' आणि 'ॲन' ची गंमत. शाळेत आपण शिकतो की मूळ 'अ' आणि स्वर आला की त्याला न लागतो. इतिहासात उलटं आहे. जुन्या इंग्रजीत शब्द होता 'आन', अर्थ 'एक', ज्याचा पुढे 'वन' झाला. त्याचंच आखूड रूप 'ॲन', आणि मग हळूहळू व्यंजनापुढे त्यातला न गळत गेला. म्हणजे काही शतकं अशी होती की एकाच छोट्या शब्दाची दोन रूपं तोंडात, न असलेलं आणि नसलेलं. अशा वेळी कुणी 'अनेप्रन' म्हणालं तर ते 'अ नेप्रन' की 'ॲन एप्रन'? कानाला दोन्ही सारखंच. मुलं भाषा शिकताना हे मनात ठरवून टाकतात आणि एखाद्या पिढीत पुरेशा मुलांनी वेगळं ठरवलं की शब्द बदलला.

एप्रनचा पुरावा तर घरातच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'नाप' म्हणजे टेबलावर घालायचं कापड, त्याचं लहान रूप 'नापरॉन', चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत 'नेप्रन' असंच सापडतं. त्याच 'नाप'ला इंग्रजीतला लहानपणाचा 'किन' जोडून झाला नॅपकिन. एप्रनचा न गेला, नॅपकिनचा राहिला. आणि हे 'नाप' आलं लॅटिन 'माप्पा' मधून, माप्पा म्हणजे कापडाचा तुकडा, कापडावर काढलेलं जगाचं चित्र म्हणून 'माप्पा मुंडी', तिथून मॅप. म्हणजे स्वयंपाकघरातला एप्रन, जेवणाच्या टेबलावरचा नॅपकिन आणि भूगोलाच्या तासाचा मॅप ही तिन्ही एकाच घरातली. वर्गात सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा पक्का शब्द म्हणजे ॲडर, तो विषारी साप. जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे', अर्थ कुठलाही साप. जर्मनमध्ये अजून 'नाटर' आहे न सकट. आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत तर अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक 'नेडर' म्हणायचे.

---

लेगस्पिन

अंपायर राहिलाच की, तो मी घेतो. जुना शब्द नूंपेर, १४०० च्या आसपासच्या लिखाणात सापडतो, फ्रेंच 'नॉन' अधिक 'पेर'. पेर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा, इंग्रजी 'पेअर' आणि 'पीअर' दोन्ही तिथलेच. तर नॉन-पेर म्हणजे जो जोडीत नाही तो, विषम. दोन माणसं भांडतायत, मत अर्धं अर्धं झालंय, मग जोडीत नसलेला तिसरा आणायचा आणि तो सांगेल ते फायनल. क्रिकेट यायच्या आधी कितीतरी वर्षं हा शब्द जमिनीच्या नाहीतर पैशाच्या वादातल्या लवादासाठीच वापरात होता.

म्हणजे अंपायर या शब्दाचा अर्थच मुळात 'तिसरा माणूस'!! आणि १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बनच्या टेस्टला जेव्हा पहिल्यांदा टीव्ही बघून निर्णय दिला, आपला सचिनच रनआउट दिला होता तेव्हा, त्या माणसाला नाव काय दिलं तर थर्ड अंपायर. शब्द फिरून आपल्या मूळ अर्थावर आला आणि कुणाच्या ध्यानीमनी पण नसेल.

आपल्याकडचा 'पंच' पण बघा ना, पाच जण. तोही आकडा विषमच, मतं समसमान होऊन अडायला नको. इंग्रजीने तीनवर भागवलं आपण पाचावर.

---

मस्कत_निवासी

ऑरेंजवर कुणी लिहायच्या आधी इथली एक गोष्ट सांगतो. मी बरीच वर्षं मस्कतला आहे. इथे बाजारात संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, म्हणजे सरळ सरळ पोर्तुगाल. सुरुवातीला मला वाटायचं की नारिंग, नारंगी हे शब्द अरबीतून आपल्याकडे आले असणार. मग कळलं की अरबीत 'नारंज' आहे पण तो आंबट कडसर फळाचा, ज्याचा मुरंबा करतात त्याचा. मग शब्द कुठून कुठे गेला? आणि यात पोर्तुगाल कसा घुसला?

---

पाटी_पेन्सिल

मस्कतकर, तुमच्या बाजारातच अर्धी गोष्ट आहे.

शब्दाचा प्रवास आपल्या बाजूने तिकडे. संस्कृतात नारङ्ग, आणि तिथेही तो बहुतेक दाक्षिणात्य भाषांतून आला असावा असं अभ्यासक मानतात. तिथून फारसी नारंग, अरबी नारंज, अरबांबरोबर स्पेनमध्ये, स्पॅनिशमध्ये आजही 'नारांखा', न जसाच्या तसा. पोर्तुगीजात त्याचं झालं 'लारांझा', न चा ल. आणि इटालियनमध्ये मात्र 'उना नारान्चा' चं 'उन आरान्चा' झालं. तिथे एकच फळ म्हणायचं तर आधी 'उना' येतो, त्याच्या शेवटच्या न शेजारी फळाचा न, दोनातला एक खाल्ला गेला. फ्रेंचमध्ये शब्द पोचला तो असा न शिवायच, वर फ्रेंच लोकांना त्यात 'ओर' म्हणजे सोनं ऐकू आलं, पिवळंधमक फळ, म्हणून आ चा ओ झाला. इंग्रजांनी चौदाव्या शतकात फ्रेंचांकडून शब्द उचलला तेव्हा तो आधीच 'ओरेंज' होता.

म्हणून जुईताई, फॉरवर्डमध्ये चुकलंय ते इथे. नारिंग ते ऑरेंज हे नातं खरं, न गळण्याची पद्धतही तीच, पण ते काम इंग्रजीत झालेलं नाही, त्याआधीच्या मुक्कामाला झालं. एप्रनच्या बाबतीत जुन्या इंग्रजी कागदांत 'नेप्रन' लिहिलेलं दाखवता येतं, इथे तसं इंग्रजीत काही दाखवता येत नाही. शब्दांच्या बाबतीत माझा हाच आग्रह असतो, नुसतं ऐकायला सारखं वाटतंय यावर थांबायचं नाही, मधल्या प्रत्येक मुक्कामावर तो शब्द सापडतोय का ते बघायचं.

पोर्तुगालचं असं की अरबांनी युरोपात नेलं ते आंबट फळ. गोड संत्रं तिकडे रुळलं ते नंतर, पंधराव्या-सोळाव्या शतकात, आणि त्याचा व्यापार पोर्तुगीजांच्या हातात. म्हणून तुर्कांनी पोर्ताकाल, ग्रीकांनी पोर्तोकाली, अरबांनी बुर्तुकाल. जुना नारंज आंबट फळाकडे राहिला.

---

लेगस्पिन

मग नेदरलँड्सच्या टीमची ती केशरी जर्सी? ते 'हाउस ऑफ ऑरेंज' वगैरे. त्यांच्याकडे काय संत्र्याच्या बागा होत्या का

---

पाटी_पेन्सिल

बागा नाहीत. दक्षिण फ्रान्समध्ये ओरांज नावाचं गाव आहे, रोमन काळात त्याचं नाव आराउसियो, फळाशी काहीही संबंध नाही. उच्चार झिजत झिजत फळाच्या नावासारखा झाला इतकंच. १५४४ मध्ये तिथली गादी वारशाने विल्यमकडे आली, तोच पुढे डच लोकांच्या स्पेनविरुद्धच्या लढ्याचा पुढारी झाला. गावाचं नाव आणि रंगाचं नाव एक झालं म्हणून रंगही घराण्याचा झाला.

---

सुतारपक्षी

माझ्या हाताखालचा एक शब्द टाकतो. लाकडाला भोक पाडायचं मोठं हत्यार, आपण गिरमिट म्हणतो त्यातलं जाडजूड, त्याला इंग्रजीत ऑगर म्हणतात. हल्ली बोअरवेलवाले, खांबासाठी खड्डे पाडणारे सगळे हाच शब्द वापरतात, 'अर्थ ऑगर' म्हणून मशीनच मिळतं. हा पण या न गेलेल्यांतलाच आहे. जुन्या इंग्रजीत 'नाफोगार'. नाफू म्हणजे चाकाचा मधला गड्डा, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना तो, आणि गार म्हणजे भाला. तुंब्यात आसासाठी भोक पाडणारा भाला. 'अ नाफोगार' चं घासत घासत 'ॲन ऑगर' झालं.

आता खरी मजा, ते नाफू म्हणजे आपली नाभी. संस्कृतात नाभि शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, बेंबी आणि चाकाचा मध्य, उपनिषदात रथाच्या नाभीत आरे बसवल्याचा दृष्टांत येतो. इंग्रजीतही दोन्ही आहेत, बेंबीला 'नेवल' आणि चाकाच्या मध्याला 'नेव्ह'. पण हत्याराच्या नावातून मात्र तो न निसटला, त्यामुळे ऑगर बघून कुणाला नाभी आठवायचं कारण नाही.

आणि तो भाला, 'गार', तो कुठे उरला माहितीय? गार्लिकमध्ये. गार-लेअक, लेअक म्हणजे लीक ही कांद्याच्या जातीची भाजी. भाल्यासारखा कांदा म्हणजे लसूण. पाकळीचं टोक बघा हातात घेऊन, पटतं.

---

जुईची_वेल

वा! एका दिवसात एवढं. एप्रन-नॅपकिन-मॅप उद्याच सांगते मुलांना, फळ्यावर तिन्ही शब्द लिहून आधी त्यांनाच विचारणार काय नातं असेल म्हणून. लसणाचं तर घरी सगळ्यांना सांगून झालं.

दोन शंका. एक, न नुसता जातोच का, येत नाही का कधी? नियम खरा असेल तर उलटंही व्हायला हवं ना. दोन, आपल्याकडे असं काही झालंय का? आणि मग संस्कृतशी नातं आहे की नाही ते पण नीट सांगा, नाभी-नेवल ऐकून ग्रुपवरचे काका म्हणतील बघ आम्ही काय म्हणत होतो.

---

पाटी_पेन्सिल

उलटंही होतं, बरोबर ओळखलंत. निकनेम. आधी 'ईकनेम', ईक म्हणजे जादाचं, वरचं. 'ॲन ईकनेम' चं 'अ नीकनेम'. स्वीडिशमध्ये आजही 'ओकनाम्न' आहे, न शिवाय, आणि तिथे तो चिडवायच्या नावालाच वापरतात. दुसरा न्यूट, पालीसारखा दिसणारा पण बेडकाच्या वर्गातला प्राणी, आपल्याकडे दार्जिलिंगच्या बाजूला मिळतो. जुना शब्द 'एफेटा', मग 'एव्हेट', मग 'ॲन यूट' चं 'अ न्यूट'. अमेरिकेत याच प्राण्याच्या जमिनीवर राहणाऱ्या पिल्लाला 'एफ्ट' म्हणतात, म्हणजे न लागलेला आणि न लागलेलाच नाही असे दोघं भाऊ एकाच भाषेत नांदतायत.

नावांतही आहे. पूर्वी 'माय' च्या जागी स्वरापुढे 'माइन' म्हणत, 'माइन एड', 'माइन एलन' असं लाडाने. त्यातून नेड आणि नेल. एडवर्डला नेड का म्हणतात हे कोडं मुलं विचारतातच कधी ना कधी.

---

गच्चीवरून

"आपल्याकडे झालंय का" याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते फार जुनं आहे.

असुर. आपण शाळेत शिकलो सुर म्हणजे देव, आणि जे सुर नाहीत ते अ-सुर. पण ऋग्वेदात असुर हा मोठेपणाचा शब्द आहे, वरुणाला असुर म्हटलंय, सामर्थ्यवान स्वामी अशा अर्थाने. पारशी लोकांचा अहुर मज्द, त्यातला अहुर म्हणजे हाच असुर, इराणी बाजूला स चा ह होतो. म्हणजे अख्खा शब्द असुर, त्यात नकाराचा अ नाहीच. पुढे शब्दाचा अर्थ दैत्याकडे झुकला, लोकांना सुरुवातीचा अ नकाराचा वाटला, आणि तो काढून 'सुर' हा नवाच शब्द तयार झाला. काळा या अर्थाच्या 'असित' मधून पांढरा 'सित' काढला तोही असाच.

आणि दुसरं विधवा. वि म्हणजे विना, धव म्हणजे नवरा, अशी फोड आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात, त्यावरूनच सधवा आलं, उमाधव आलं. पण इंग्रजी 'विडो' बघा, लॅटिन 'विदुआ', रशियन 'व्दोवा', जर्मन 'विट्वे'. सगळे सख्खे. तिकडे कुठेही नवरा या अर्थाचा 'धव' किंवा त्याच्यासारखा काही नाही, म्हणजे मूळ शब्द अखंडच होता, एकटी पडलेली अशा अर्थाचा. 'धव' आपण त्यातून तोडून काढलाय. इंग्रजांनी न हलवला, आपण तर आख्खा नवरा तयार केला शब्दातून. आणि हे गावंढळ लोकांनी केलेलं नाही, व्याकरण जगाला शिकवणाऱ्या विद्वानांच्या भाषेत झालंय, म्हणून 'अडाण्यांनी शब्द बिघडवले' असं जे फॉरवर्डमध्ये म्हणतात त्याला मला कायम विरोध करावासा वाटतो.

---

कोकणकडा

विरोध कशाला, चूक ती चूक. कुणीतरी नीट ऐकलं नाही म्हणून शब्द बदलला याला बिघडणंच म्हणतात. आपण मुलांचं शुद्धलेखन तपासतो ते कशाला मग?

---

गच्चीवरून

शुद्धलेखन आजच्या ठरलेल्या भाषेत तपासायचं असतं आणि तपासलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आज कुणी 'नेप्रन' लिहिलं तर जुईताई लाल रेघच मारणार ना? चौदाव्या शतकातला शुद्ध शब्द आज चूक आहे. जो बदल सगळ्यांनी स्वीकारला ती भाषा झाली. हेलिकॉप्टर घ्या. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखं आणि 'प्टेर' म्हणजे पंख, १८६१ मध्ये एका फ्रेंच माणसाने ग्रीक शब्द जोडून बनवलं. बोलणाऱ्यांनी ते तोडलं 'हेलि' आणि 'कॉप्टर' असं, म्हणून हेलिपॅड, म्हणून क्वाडकॉप्टर. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्ग शहरावरून आलेला, त्यातून बर्गर सुटा झाला आणि आज गल्लीत व्हेज बर्गर मिळतो. आता यातलं काय परत घेणार?

---

पाटी_पेन्सिल

जुईताईंचा संस्कृतवाला मुद्दा राहायला नको, ग्रुपवरच्या काकांना उत्तर द्यायचंय त्यांना.

या एकाच धाग्यात तीन वेगवेगळी नाती आली आहेत. ऑरेंज हा प्रवास करून गेलेला शब्द, आपल्या बाजूने निघाला आणि हातोहात युरोपात पोचला. नाभी-नेवल आणि विधवा-विडो यांचं तसं नाही, इंग्रजांनी ते संस्कृतातून घेतलेले नाहीत, त्यांच्याकडे ते पहिल्यापासून आहेत. संस्कृत आणि जुनी इंग्रजी दोघींच्या मागे एक आणखी जुनी भाषा होती, तिच्यातून दोघींकडे वेगवेगळ्या वाटांनी आले. म्हणजे बहिणी, आई आणि मुलगी नव्हे. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने जाहीर भाषणात हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन अशा एका मुळातून निघाल्या असाव्यात जे कदाचित आता उरलेलं नाही. आणि तिसरं, एप्रन किंवा हेलिकॉप्टर, जे लॅटिन-ग्रीकमधून आले, संस्कृत वाटेत कुठेच नाही. काकांना सांगा की यात संस्कृतचा मान कमी होत नाही, उलट त्या हरवलेल्या भाषेपर्यंत पोचायला संस्कृतचा आधार सगळ्यात मोठा ठरला.

---

मस्कत_निवासी

फार सुंदर धागा झालाय. एक शेवटचं विचारतो, इंग्रजीत ऑरेंज शब्दच चौदाव्या शतकात आला तर त्याच्या आधी त्या रंगाला काय म्हणायचे? केशर आपल्याकडे होतं, त्यांच्याकडे काय?

---

पाटी_पेन्सिल

स्वतंत्र नावच नव्हतं म्हणा. जुन्या इंग्रजीत 'येओलुरेआद' असा जोडशब्द सापडतो, पिवळा-लाल, नाहीतर सरळ लालच म्हणायचे. फळाचं नाव आलं चौदाव्या शतकात, पण रंगाचं नाव म्हणून ऑरेंज वापरात यायला सोळावं शतक उजाडलं. म्हणूनच तिकडच्या त्या छोट्या रॉबिन पक्ष्याला 'रेडब्रेस्ट' म्हणतात. फोटो काढून बघा, छाती चक्क नारिंगी असते. नाव पडलं तेव्हा तो रंग सांगायला शब्द नव्हता. लाल केसांना 'रेड हेअर' आणि लाल खारीला 'रेड स्क्विरल' म्हणतात तेही तसंच, दोन्ही बघायला गेलं तर तांबूस-नारिंगी.

---

जुईची_वेल

रॉबिनचं चित्र त्यांच्या पुस्तकातच आहे! सगळ्यांचे मनापासून आभार. ॲडर आणि न्यूट पुढच्या आठवड्याला ठेवते, तोवर कुणाला अजून न गेलेले किंवा आलेले शब्द सुचले तर इथेच टाकत राहा.